कुर्लीच्या दाराची हिरवी काच

मी लहान होतो. वाळूतून आवाज यायचा. टिक् टिक्! टिक् टिक्! कान लावून ऐकलं, तर कुर्ली आपलं दार लावत होती.

नखाएवढी कुर्ली. वाळूत तिचं बीळ. बिळाला दार हिरव्या काचेचं. समुद्राने घासून घासून गुळगुळीत केलेली काच. भरती आली, की कुर्ली दार लावायची. टिक्! पाणी बाहेर, कुर्ली आत.

एके सकाळी कुर्ली पाहते तर काय, दार नाही!

काच होती चांगुणाकाकूच्या टोपलीत. काकू किनाऱ्यावरच्या काचा वेचायची. माळा करून विकायची.

चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली गेली काकूकडे.

"काकू, काकू, माझी काच दे. संध्याकाळी भरती येईल. माझं घर बुडेल."

"अगो बाई! तुझी काच? भांड्यावर घालतात तसं नाव घातलंयस वाटतं?"

"दार आहे ते माझं!"

"हो का, राणीसाहेब? अजून माझी भवानी नाही झाली. पहिलं गिऱ्हाईक माळ घेईल, मगच टोपलीतली काच हलेल."

गिऱ्हाईक समोरच होतं. गॉगलवाली ताई. चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली गेली ताईकडे.

"ताई, ताई, माळ घे. काकू काच देत नाही. माझ्या घराला दार नाही!"

"कुठली माळ? काकूंचा दोरा संपलाय. नुसत्या काचा काय गळ्याला चिकटवू? आधी दोरा आणा, मग मला सांगा."

चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली गेली जोमा नाखवाकडे. नाखवा झोपडीपुढे जाळं विणत बसला होता.

"नाखवा, नाखवा, दोरा द्या. ताई माळ घेत नाही. काकू काच देत नाही. माझ्या घराला दार नाही!"

"देतो की! रीळ जाळ्याखाली आहे. जाळ्यावर मनीमावशी झोपल्यात. आधी त्या उठू देत. मी उठवू? ओरबाडतील! नाक मला एकच आहे."

चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली गेली मांजरीकडे.

"मावशी, मावशी, ऊठ. नाखवा दोरा देत नाही. ताई माळ घेत नाही. काकू काच देत नाही. माझ्या घराला दार नाही!"

"वा! काय गोड बोलतेस. बोंबील आणलास? नाही? मग मी स्वप्नातलाच खाते."

चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली गेली लाटेकडे.

"लाटे, लाटे, बोंबील दे. मावशी उठत नाही. नाखवा दोरा देत नाही. ताई माळ घेत नाही. काकू काच देत नाही. माझ्या घराला दार नाही!"

"आत्ता ओहोटी आहे, बाळ. मी दमले. संध्याकाळी येईन की! बोंबील घेऊन येईन. थेट तुझ्याच घरी येईन. दार उघडंच आहे म्हणे!"

कुर्ली थांबली. तिने स्वतःकडे पाहिलं. दोन नांग्या होत्या की! इतका वेळ त्या काय लोणच्यासाठी राखून ठेवल्या होत्या?

चुटुक चुटुक, आडवी आडवी, कुर्ली मागे आली. मावशीची शेपटी लोंबत होती. कच्च!

म्याऽऽऽव!

मावशी उडाली छपरावर. रीळ निघालं. गर्र गर्र! नाखवाने दोरा दिला. काकूने माळ गुंफली. ताईने माळ घेतली. काकूची भवानी झाली.

काकूने हिरवी काच वाळूवर ठेवली.

"घे बाई तुझा दरवाजा. आम्ही किती मदत केली! आभार तरी मान."

"माळ मी घेतली हं," ताई म्हणाली.

"आणि दोरा कुणाचा?" नाखवा म्हणाला.

"पण उठलं कोण?" छपरावरून मावशी म्हणाली.

कुर्लीने काच उचलली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आणि चुटुक चुटुक, आडवी आडवी, बिळात गेली. टिक्! दार लावलं.