वैऱ्याच्या हाती दोर

फार फार पूर्वीची गोष्ट. आटपाट नगर नव्हतं आणि राजाराणीही नव्हते. होता एक उंच कडा आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर मागे बसा. ऐका मात्र दोघांनीही, कारण ही गोष्ट मोठ्यांनाच जास्त लागू पडते.

त्या कड्यावर आग्या माश्यांची पोळी लागायची. सुपाएवढी म्हणा ना! गावाचं पोट त्याच मधावर चालायचं. मध द्यायचा आणि मीठ, धान्य, कापड आणायचं. पोराला खोकला झाला, मध. बाळंतिणीला अशक्तपणा आला, मध. कड्यावरून मध काढणारे चौघं होते. कोंडबा नाईक त्यांचा म्होरक्या. भागूबाई ओल्या पाल्याची धुरी करायची, म्हणजे माश्या पोळ्यावरून उठायच्या. हैबती तरणाबांड, टोपल्या ओढायचा. आणि मालू. मालू दोराला लटकून कड्यावर उतरायचा. त्याच्यासारखा उतरणारा पंचक्रोशीत नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करायचे.

आता या लोकांचा एक रिवाज होता, तो नीट ऐका. कड्यावर उतरणाऱ्याचा दोर कोणी धरायचा? सख्ख्या भावाने? जिवलग मित्राने? छे! वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यांत मोठं वाजलं असेल, त्याने. उतरण्याआधी दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि आपापली चूक आपल्या तोंडाने सांगायची. मग दोर हातात द्यायचा. दोर झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन एकानेच धरायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोघांनी धरला की प्रत्येकाला वाटतं, त्याने धरलाय की! आणि मग कोणीच धरलेला नसतो.

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? पण त्या गावात भांडण कधी एका हंगामाच्या पुढे टिकलं नाही. टिकवून करता काय? खाली मध पिकलेला आणि वर दोघं तोंड फिरवून बसलेले, असं किती दिवस चालणार!

एका वर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी सगळं गाव जेवायला एका पंगतीला बसलं होतं. आधीच्या हंगामात मालूचा पाय कड्यावर घसरला होता, तोही दोनदा. कोंडबाला त्याची काळजी वाटत होती. पण काळजी बोलायची कुठे, कशी, याचं भान त्याला राहिलं नाही. भर पंगतीत तो म्हणाला, "यंदा हैबती उतरेल. मालूचे पाय आता जेवायला बसण्यापुरतेच राहिलेत."

पंगत खो खो हसली. मालूची बायको वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. मालू पानावरून उठला.

शब्द खरा होता, पण जागा चुकली होती. माणूस खरं ऐकून घेतो, चारचौघांत हसलेलं नाही विसरत.

भांडण मिटल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे मालूने आणि कोंडबाने समोरासमोर उभं राहायचं होतं. मालू आलाच नाही. तो बायकोला घेऊन खिंड ओलांडून पलीकडच्या सरदाराकडे गेला होता. त्या सरदाराचा या मधावर कधीपासून डोळा होता, फक्त वाट ठाऊक नव्हती. मालूने ती दाखवली. गाव देवीच्या जत्रेला जाणार होतं, तो दिवसही त्यानेच सांगितला. सरदाराची माणसं भरदुपारी मशाली घेऊन आली. धुरीबिरी त्यांना काय ठाऊक! त्यांनी पोळी सरळ जाळली आणि मिळेल तेवढा मध घागरींत भरून नेला. गाव परतलं तेव्हा कडा वरपासून खालपर्यंत काळा ठिक्कर पडला होता. खाली मेलेल्या माश्यांचा खच होता. भागूबाई तिथेच मटकन बसली.

मग जे व्हायचं तेच झालं. माश्या तो कडा सोडून गेल्या. गावाने कंदमुळं खाऊन दिवस काढले. हैबतीचा म्हातारा बाप त्या थंडीत खोकून खोकून गेला. मध असता तर वाचला असता का, देव जाणे. पण हैबतीने ते मरण मालूच्या माथी मारलं आणि मनात जपून ठेवलं.

आणि मालूचं काय झालं? पुढच्या वर्षी कड्यावर मधच नाही म्हटल्यावर सरदाराने त्याला हाकलून दिलं. "आपल्या माणसांना विकलंस, आम्हाला विकायला तुला कितीसा वेळ लागणार?" असं तोंडावर सांगितलं. मालू खिंडीत झोपडी बांधून राहिला आणि बांबूच्या टोपल्या विणू लागला. बायको माहेरी निघून गेली.

त्याला पश्चात्ताप झाला असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? अहो, कसला पश्चात्ताप! तो दिवसभर एकच गोष्ट मनात घोळवायचा: यांनी माझं हसं केलं, यांच्यामुळे माझं वाटोळं झालं. बाजारात कधी जुने सोबती दिसायचे. हैबती त्याला बघून थुंकायचा. भागूबाई पदर सारखा करून दुसऱ्या वाटेने जायची. या दोघांचं मालूला काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. पण कोंडबा मात्र समोर येऊन थांबायचा आणि विचारायचा, "बरा आहेस ना, मालू?" तेवढ्याने मालूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिवी दिली असती तर परतफेड तरी करता आली असती!

अशी बरीच वर्षं गेली. आणि एका हंगामात माश्या परत आल्या. आधी एक पोळं दिसलं, मग बघता बघता कडा पुन्हा भरला. गावातल्या म्हाताऱ्यांनी पोरांना खांद्यावर घेऊन ती पोळी दाखवली.

हैबतीने दोर काढला, तेल लावून वाळवला आणि म्हणाला, "चला नाईक, उतरतो मी."

कोंडबा म्हणाला, "आधी मालूला आणावं लागेल."

"कोणाला?"

"मालूला. माझं सगळ्यांत मोठं भांडण त्याच्याशी आहे, तुझंही त्याच्याशीच आहे. ते मिटल्याशिवाय उतरायचं नाही, असा आपला रिवाज आहे."

हैबती भडकला. "नाईक, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ज्याने सगळा कडा जाळला, त्याच्या हातात दोर? एकदा रिवाज मोडला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"गोडीगुलाबीत असताना रिवाज कोणीही पाळतो रे," कोंडबा म्हणाला. "पहिला मी उतरणार. पंगतीत जीभ माझी घसरली होती."

कोंडबाचं वय तेव्हा काय कमी होतं? केस पांढरे, गुडघे दुखरे. पण माणूस कसा असावा, तर असा असावा. मला तर अजून त्याचं नवल वाटतं.

कोंडबा खिंडीत गेला. मालू टोपली विणत होता, त्याने मान वर केली नाही.

"माश्या आल्यात," कोंडबा म्हणाला.

"मग मी काय करू? आरती ओवाळू?"

"दोर धरायचा आहे. माझा."

मालूच्या हातातली कांब तशीच राहिली. त्याला आधी वाटलं, हा डाव आहे. कड्यावर नेतील आणि ढकलून देतील. मग त्याला दुसरंच काही सुचलं. ते सुचलं तसं तो हसला आणि म्हणाला, "येतो की." ते हसणं चांगलं नव्हतं, एवढंच सांगतो.

सगळं गाव कड्याच्या माथ्यावर जमलं. दोर बुंध्याला गुंडाळला. कोंडबा आणि मालू समोरासमोर उभे राहिले.

कोंडबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मालू, तुझ्या पायांची मला भीती वाटत होती. ते तुला बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी चारचौघांत तुझी थट्टा केली, तुझ्या बायकोदेखत केली. चूक माझी होती."

आता मालूची पाळी होती. सगळे कान टवकारून उभे होते. मालू जमिनीकडे बघत राहिला.

"बघा!" हैबती ओरडला. "बोलत नाही तो! आता उतरायचं नाही, नाईक. रिवाजाची आठवण तुम्हीच करून दिलीत."

कोंडबाने कंबरेला गाठ मारली. "बोलेल. कोणाला लवकर जमतं, कोणाला उशिरा. तोवर मध काही थांबत नाही."

हैबतीने कोयता उपसला आणि मालूच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. "दोर सुटला, तर तूही सुटलास म्हणून समज."

"हैबती, कोयता खाली ठेव," कोंडबा म्हणाला. "भीतीने धरलेला दोर मला नको."

हैबतीने दात ओठ खात कोयता टाकला. कोंडबाने दोराचं टोक मालूच्या हातात दिलं, कड्याकडे पाठ केली आणि खाली उतरला. जाताना वर पाहिलंसुद्धा नाही.

आणि मालूच्या हाताला तो भार लागला. एका जित्या माणसाचा भार. मधूनच दोराला हलका हिसका बसायचा, म्हणजे खाली कोंडबाने पाय टेकला. मग पुन्हा भार यायचा. इतकी वर्षं मालू स्वतः त्या टोकाला लटकला होता. वरच्या टोकाला काय असतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. मूठ जरा सैल केली की झालं, सगळा हिशेब चुकता. त्यासाठीच तर तो आला होता! आणि आता ती मूठ काही केल्या सैल होईना.

तेवढ्यात वारा फिरला. भागूबाईची धुरी कड्यापासून लांब गेली आणि माश्या खवळून वर आल्या. गाव पळालं. माश्या मालूच्या हातांवर बसल्या, मानेवर बसल्या, डोळ्यांवर बसल्या. आग्या माशी चावते म्हणजे काय, ते ज्याला चावली त्यालाच विचारा. बैल दावं तोडून पळतो!

हैबती दोराकडे झेपावला. मालू किंचाळला, "हात लावू नकोस! दोर माझ्याकडे आहे!"

आणि मग तो बोलायला लागला. कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही हातांवर माश्यांचं आवरण होतं, डोळे सुजून मिटले होते, आणि तो ओरडून ओरडून रडत सांगत होता. "मीच दाखवली वाट! जत्रेचा दिवस मीच सांगितला! मला वाटलं, तुम्ही उपाशी मराल तेव्हा माझी किंमत कळेल. हैबती, तुझा बाप मला लेकरासारखा वागवायचा रे! भागूवहिनी, तुम्ही मटकन बसलात, ते मी झाडीतून बघितलं. आणि मला बरं वाटलं. ऐकताय का, मला बरं वाटलं होतं!"

भागूबाई जळता पाला हातात घेऊन धावत आली आणि त्याच्याभोवती धूर करत फिरू लागली. ती रडत होती ती धुराने की आणखी कशाने, ते तिलाच माहीत. माश्या हळूहळू हटल्या. मालूने तसल्या हातांनी दोर थोडा थोडा ओढून घेतला आणि कोंडबा कड्यावर पाय रोवत वर आला. त्यालाही माश्या चावल्या होत्या, पण मधाची टोपली पाठीला शाबूत होती.

मालूला दिसत नव्हतं. तो चाचपडत म्हणाला, "नाईक, मी बोललो. सगळं बोललो."

"मला खाली काही ऐकू आलं नाही," कोंडबा धापा टाकत म्हणाला. "नुसत्या माश्या घोंघावत होत्या."

"मग पुन्हा बोलू?"

"नको. मी वर आलोय, तेवढं मला पुरे."

गावाने मालूला खिंडीत परत जाऊ दिलं नाही. भागूबाईने त्याच्या हातांतले काटे एकेक करून काढले. हात दुधी भोपळ्यासारखे सुजले होते, घास घेता येत नव्हता. तिने भरवलं. ती फारसं बोलली नाही, पण भरवलं.

मात्र कड्यावर अजून पुष्कळ मध होता आणि हंगाम सरत चालला होता. लोक कुजबुजू लागले. एक जण हैबतीला म्हणाला, "अरे, आता तू उतर ना! मध वाया चाललाय. मी धरतो तुझा दोर."

हैबती भागूबाईच्या दाराशी बसला होता. आत मालू हातांना पाला बांधून पडला होता. हैबतीने एकदा आत पाहिलं, मग मान खाली घातली.

"माझा दोर त्याच्याकडे आहे," तो म्हणाला. "त्याचे हात बरे होईपर्यंत मी थांबणार."

त्या वर्षी गावाचा अर्धा मध कड्यावरच राहिला. पण हैबतीच्या त्या शब्दानंतर एकाही घरातून तक्रार आली नाही. पुढच्या हंगामात हैबती कड्यावर उतरला, तेव्हा वर दोर कोणाच्या हातात होता, ते मी सांगायला नको.

आता बोध सांगतो, तो एका ओळीत मनात ठेवा: दगा देणाऱ्याला शिक्षा कोणीही करू शकतो, पण त्याला पुन्हा आपला करायचा असेल, तर आधी आपला जीव त्याच्या हाती देण्याची छाती लागते.