तीन बहिणींची पंगत

एका राज्यात एक घर दर साली पडे. संकट आलं की रयतेनं जिथं धाव घ्यायची, ते आसऱ्याचं घर. बांधणारा गवंडी दुलबा.

पहिल्या साली नदी आली, मातीची भिंत चाटून गेली. भिंतीखाली एका जादूगाराची म्हातारी आई गेली. जादूगार म्हणाला, "गवंड्या, तुझी बायको शिळा होईल. तुझं घर एका सालात नदी, वावटळ, भुई या तिघी बहिणींना पुरून उरेल, तेव्हाच ती उठेल."

दुलबाची बायको गोजरा चूल सारवत होती. तशीच दगड झाली.

दुलबानं शिळा पाठीवर घेतली, नव्या घराच्या दाराशी ठेवली. त्या साली घर उंच खांबांवर बांधलं. नदी खालून गेली, पण वावटळीनं छप्पर उचलून नेलं. मग जाड दगडी भिंती घातल्या, वर जड छप्पर. वावटळ आपटून परतली. तेवढ्यात भुई हलली, अन् दगडानं दगड सोडला. दर खेपेला दुलबानं ढिगारा उपसला, गोजराला काढलं, पाठीवर घेतलं. केस पिकले, गुडघे गेले.

राजा म्हणाला, "दुलबा, आणखी एकदा."

"महाराज, हात उठत नाहीत."

"मग रयत कुठं जाईल?"

दुलबा उठून नदीकाठी जाऊन बसला.

वाळूत अंडी उबवणारी टिटवी बोलली, "खुळ्या, तू गेल्या सालच्या वैऱ्यासाठी घर बांधतोस. यंदाचा वैरी दुसराच असतो. तिघींना एका पंगतीला बसव."

"त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत."

"जेवणाला कोण नाही म्हणतं?"

दुलबानं तिघींना जेवणाचं आवतण दिलं.

तिघी आल्या. नदीचा पदर ओला, वावटळीचे केस मोकळे, भुईची चाल जड. राजा स्वतः वाढायला उभा राहिला. दुलबानं विचारलं, "बायांनो, घर कसं बांधू?"

वावटळ म्हणाली, "उंच नको. छप्पर चारी अंगांनी उतरतं कर, भिंतीला घट्ट बांध."

भुई म्हणाली, "डोईवर ओझं नको. चारी भिंतींना लाकडाचा एकच कंबरपट्टा घाल. मी हलवीन तेव्हा सगळं मिळून हलू दे."

"उंच नको, मग नदीबाई, तुमचं पाणी?"

"टेकडीवर बांध की! मी काय टेकडी चढते?"

भुई हसली. "इतकी सालं काठावरच बांधत होतास?"

"टेकडीवर महाराजांची बाग आहे," दुलबा म्हणाला.

राजाच्या हातातली पळी थांबली. नदी म्हणाली, "वाढा, महाराज." राजानं मान खाली घातली. "दुलबा, बाग घे."

त्या सालात तिघी आल्या. नदी पायथ्यानं वळली. वावटळ छपरावरून घसरली. भुई हलली, तसं घर हललं, करकरलं अन् पुन्हा जागेवर बसलं. आत सारी रयत होती. कुणाला खरचटलंही नाही.

जादूगार दाराशी आला. त्यानं भिंतीला हात लावला, ती ढकलून पाहिली अन् माघारी वळला.

दुलबाच्या हाताला शिळा ऊन लागली. गोजरा उठून बसली, हाताला अजून शेण होतं.

"अगं बाई, किती म्हातारे झालात हो!"

"तुला वाहून वाहून," दुलबा म्हणाला.

तिनं वर पाहिलं. "डाव्या कोपऱ्यात गळतंय."

"उद्या बघतो," तो म्हणाला, अन् तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपला.

दुलबाची पाठ टेकली, तशी ऐकणाऱ्यांची टेको.