कुरतुडेचं निरोपाचं जेवण

उंदरांनाही आडनावं होती, त्या काळातली गोष्ट. एका गोदामात कुरतुडे नावाचा उंदीर बायकोसह भावांच्या बिळात दाटीवाटीने राहायचा. दूरच्या शहरात जाऊन स्वतःचं बीळ करायचं, हा त्याचा ध्यास होता. तिथे जम बसेपर्यंत पोटाला हवं, म्हणून दोघं वर्षभर अर्धपोटी राहून शेंगदाणे साठवायची.

मडकं भरलं की कुरतुडे गावभर सांगत सुटायचा, "उद्याच्या गाडीने निघालो बरं का!"

लगेच खार, चिचुंद्री आणि साळुंकी पोराबाळांसह हजर. "कुरतुडेभाऊ, जेवू न घालता जाणार? लोक काय म्हणतील?"

लोकांच्या म्हणण्याला कुरतुडे मांजरापेक्षा जास्त घाबरायचा. पंगत बसायची. खार डोळे पुसत पुसत आणखी वाढून घ्यायची. सकाळी शहराची गाडी सुटायची, तेव्हा कुरतुडे रिकाम्या मडक्याशेजारी पत्रावळी गोळा करत असायचा.

एका वर्षी मडकं भरल्यावर कुरतुडीण म्हणाली, "अहो, या वेळी गुपचूप निघू."

"चोरासारखं? छे!" म्हणत तो सांगायला बाहेर पडला.

तो परतेपर्यंत कुरतुडीण अर्धे शेंगदाणे घेऊन गाडीत बसून गेलीसुद्धा.

कुरतुडे दारात डोक्याला हात लावून बसला. संध्याकाळी सगळे शेजारी आले.

"वहिनी अशाच गेल्या?" खार हळहळली. "म्हणजे त्यांच्या निरोपाचं जेवण राहिलंच की!"

कुरतुडेने डोळे पुसले, मडकं पुढे ओढलं आणि विचारलं, "किती पानं मांडू?"