रेवणअप्पांची झोप आणि दोन-तीन विटा

सोलापूरच्या पलीकडे, जिथं माणसं लाडात कानडी बोलतात आणि भांडतात मराठीत, अशा एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव इरण्णा. भोळा म्हणायचं कारण एवढंच की जावयाला मूर्ख म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

इरण्णा विसराळू होता असं कुणी समजू नये. सांगितलेला शब्द तो कधी विसरला नाही. फक्त तो शब्द जिथं लागू होता ती वेळ टळून गेलेली असायची, आणि इरण्णा तो शब्द पुढच्या वेळेला लावायचा.

त्याचे सासरे रेवणअप्पा. वय सत्तर, आणि त्यातली चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांच्या मांडीशी. यंदा त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटाला डाव्या अंगाला एक वाट काढली आणि तिच्यावर पिशवी चिकटवून दिली. शौचाचं जे काही असेल ते आता त्या पिशवीत यायचं. अप्पांनी ऑपरेशन निमूट सोसलं, पण पिशवी त्यांच्या मनाला लागली. गावात कुणाला कळता कामा नये, अशी अटच त्यांनी मुलीला, महानंदाला, घातली.

आणि त्यांची झोप गेली. सपाट पडलं की पोट ओढायचं, कुशीवर वळलं की पिशवी दबेल ही भीती. दवाखान्यातल्या सिस्टरने निघताना बजावलं की माणूस नीट झोपला नाही तर जखम भरायची नाही, आणि मग पुन्हा इथंच आणून टाकावं लागेल. अप्पांना तिथं परत जायचं नव्हतं. तेव्हा सगळं अडलं होतं ते त्यांच्या झोपेवर.

महानंदा कागदांवर सह्या करत होती, म्हणून सिस्टरने बाकीचं इरण्णाला सांगितलं. गोष्ट खरी इथून सुरू होते.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-तीन विटा ठेवायच्या, म्हणजे पाठ उंच राहील. पिशवी पूर्ण भरू द्यायची नाही, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. सिस्टरने हे दोनदा सांगितलं.

"एवढंच न्हवं का? ध्यानात ऱ्हाईल," इरण्णा म्हणाला.

ध्यानात राहिलं. घरी आल्या आल्या त्याने विटा आणल्या आणि पलंगाच्या एका पायाखाली दोन ठेवल्या, दुसऱ्याखाली तीन. सिस्टरने दोन-तीन सांगितल्या होत्या. पलंग डावीकडे कलला, आणि अप्पा रात्रभर नेमके पिशवीच्या अंगाला घरंगळत राहिले. भिंतीला हात लावून त्यांनी स्वतःला उजाडेपर्यंत अडवून धरलं.

दुसरा कुणी असता तर अप्पांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण समोर जावई. जावयाला आमच्याकडे अहो-जाहो करायचं, ताटात पहिलं तूप त्याच्या वाढायचं, आणि रागवायचं नाही. तो आपल्याच घरात राहून आपलंच तूप खात असला तरी नाही.

"जावईबापू," अप्पा मऊ आवाजात म्हणाले, "विटा कशा, समद्या पायांखाली सारख्या पायजेत वो."

"एवढंच न्हवं का मामा? आता ध्यानात ऱ्हाईल."

दुसऱ्या रात्री चारही पायांखाली तीन-तीन विटा होत्या. अगदी सारख्या. पलंग पाटासारखा सपाट, फक्त कमरेइतका उंच. अप्पांना वर चढवायला स्टूल लागलं. रात्री खाली उतरायचं झालं तेव्हा स्टूल इरण्णाने जागच्या जागी नेऊन ठेवलं होतं. अप्पा पाय लोंबकळत ठेवून पहाटेपर्यंत बसले.

सकाळी त्यांनी पुन्हा मऊ आवाजात समजावलं की जे काय उंच करायचं ते डोक्याकडे करायचं, पायाकडे नाही. इरण्णाला ते पटलं. तिसऱ्या रात्री त्याने पायाकडच्या विटा काढल्या, आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या उशा, दोन तक्के आणि महानंदाच्या साड्यांचं गाठोडं अप्पांच्या डोक्याखाली रचलं. पाठ पलंगावर, डोकं छताकडे, हनुवटी छातीवर. त्या रात्री अप्पांना स्वतःच्या बेंबीशिवाय काही दिसलं नाही, आणि ती बघायची त्यांची इच्छा नव्हती.

मधल्या वेळात इरण्णा रिकामा नव्हता. कुठलीही वस्तू पूर्ण भरू द्यायची नाही हे त्याला सिस्टरने सांगितलंच होतं. म्हशीची धार काढताना बादली तिसरा हिस्सा भरली की तो ती ओतून यायचा. शेजारची गंगव्वा नळावर घागर लावून जरा बोलत उभी राहिली, तर तिचीही रिकामी करून दिली. अप्पांची पिशवी मात्र महानंदाच बघायची, म्हणून ती तेवढी वाचली.

चौथ्या दिवशी महानंदा स्वतः उभी राहिली. एक तक्क्या पाठीला, एक उशी गुडघ्यांखाली. आता जमलं असं वाटलं. पण रात्री उशी सरकली आणि अप्पा हळूहळू खाली घसरत सकाळी पलंगाच्या पायथ्याशी सापडले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं की माणूस घसरू नये म्हणून काहीतरी बांधायला हवं होतं.

"एवढंच न्हवं का मामा?"

पाचव्या रात्री इरण्णाने त्यांना म्हशीच्या दाव्याने पलंगाला बांधलं. बरोबर पोटावरून. महानंदा धावत आली म्हणून पिशवी फुटली नाही. तिने दावं सोडलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि दात आवळून सांगितलं की अप्पांच्या पोटावर काही म्हणता काही येता कामा नये. बांधायचंच असेल तर छातीवरून, आणि मऊ कापडाने.

सहाव्या रात्री अप्पांच्या अंगावरच्या वाकळेला मधोमध ताटाएवढं गोल भोक होतं. इरण्णाने ते कातरीने नीट कापलं होतं, कडा दुमडून. वाकळ महानंदाच्या आईने शिवलेली होती. महानंदा त्या रात्री नवऱ्याशी बोलली नाही, आणि अप्पांना थंडीने पोटात कळ येत राहिली. सहा रात्री झाल्या होत्या. म्हाताऱ्याचे डोळे आत गेले होते. जखमेची कड लाल दिसायला लागली होती, आणि आता खरोखरच परत दवाखाना येतो की काय, या भीतीने तो मुलीचा हात धरून रडला.

सातव्या दिवशी पिशव्या संपल्या. त्या तालुक्यालाच मिळायच्या. जाण्याआधी महानंदाने नवऱ्याला समोर बसवलं आणि मोजून सांगितलं. अप्पांना झोप लागली तर कशासाठीही उठवायचं नाही. आणि गावातलं कुणी काही विचारलं तर पिशवीचं सांगायचं नाही. "तुमाला लपवून बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "तवा तोंडच उघडू नका. कुणी काय बी विचारलं की नुस्ती मान हलवा."

"एवढंच न्हवं का?" इरण्णा म्हणाला. ती एसटीत बसली.

अप्पांनी आंघोळ केली, नेहमीसारखी कपाळाला विभूती लावली, आणि पलंगाकडे बघून हात जोडले. म्हणाले, विटा नकोत, उशा नकोत, मला ओसरीवर भिंतीला टेकवून द्या, लागला डोळा तर लागला. इरण्णाने त्यांना टेकवलं. पाठीला तक्क्या दिला. दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती लावली, म्हणजे कलायला नको. गुडघ्यांखाली उशी दिली, म्हणजे घसरायला नको. मऊ शाल छातीवरून घेऊन मागच्या खुंट्यांना बांधली. पोट मोकळं सोडलं. सहा दिवसांचे सगळे धडे पहिल्यांदाच आपापल्या जागी बसले. अप्पांच्या पोटावरचा ताण गेला, त्यांनी एक मोठा श्वास सोडला, आणि ते झोपले. दगडासारखे झोपले.

इरण्णाच्या आयुष्यात त्याने बरोबर केलेलं हे पहिलं काम. गावावर संकट आलं ते याच कामामुळे.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा करत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवायचं, कापडाने बांधायचं, कपाळाला विभूती लावायची, समोर भजन म्हणायचं. मग खुर्चीसारखं विमान सजवून त्यात बसवून न्यायचं, आणि बसलेल्यालाच माती द्यायची.

गंगव्वा विरजण मागायला आली आणि ओसरीच्या पायरीवरच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "अप्पा गेले?"

इरण्णाने मान हलवली.

"कवा? सकाळच्या पारी?"

इरण्णाने मान हलवली.

"महानंदाला ठावं हाय?"

मान हलली. गंगव्वाने हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेव्हा इरण्णाने ओठांवर बोट ठेवलं. जावई किती समजूतदार, असं मनाशी म्हणत तिने पदर तोंडात कोंबला आणि गल्लीत जाऊन मग हंबरडा फोडला.

तासाभरात अंगण भरलं. ज्याने त्याने काही ना काही विचारलं आणि इरण्णाने प्रत्येकाला मान हलवली. फार हाल झाले का? मान. शेवटी शंकराचं नाव घेतलं का? मान. सुताराने मठातलं विमान आणून त्याला झेंडूच्या माळा लावल्या. चौघांनी अप्पांना तक्क्यासकट अलगद उचलून त्यात बसवलं. अंग गरम लागलं, पण ऊन होतं. ते उठले नाहीत. सहा रात्रींची झोप होती, आणि विमानाची पाठ अशी बेताची कलती होती की ती आणखीच गाढ झाली. चार माणसं फावडी घेऊन जागा बघायला गेली. माळांच्या ढिगामागे अप्पांचा चेहरा इतका समाधानी दिसत होता की म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, मरण यावं तर असं.

मग भजनी मंडळ बसलं. पेटीवर शरणप्पा. वीस वर्षं तो अप्पांच्या मागे झांज वाजवत होता आणि पेटीकडे बघत होता. त्याने डोळे पुसले, भाता ओढला आणि सूर लावला. मंडळाने आवाज उचलला. एक कडवं झालं, दुसरं झालं.

"काळी दोन," विमानातून आवाज आला. "शरणप्पा, काळी दोनच्या पट्टीतलं भजन हाय. पांढरीत काय गातूस?"

झांज थांबली. पेटीतून उरलेली हवा सूं करत गेली. पुढच्या रांगेतल्या तीन बायका मागच्या रांगेत जाऊन पडल्या. अप्पांनी डोळे उघडले, गळ्यातल्या माळा बघितल्या, समोरचं गाव बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. अंगणातला जो तो दोन पावलं मागे सरकला. कुणी काही विचारीना.

कुणी विचारत नव्हतं, म्हणून इरण्णाला तोंड उघडायची मोकळीक होती. तो पुढे वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, पोटावरची पिशवी तिसरा हिस्सा भरली. रिकामी कराया पायजे."

ज्या एका गोष्टीसाठी तोंड बंद ठेवलं होतं, ती अशी साऱ्या गावासमोर आली. अप्पांनी मान खाली घातली. मग त्यांनी पुन्हा वर बघितलं. शरणप्पाचे गाल ओले होते. गंगव्वाच्या हातात अजून पदराचा बोळा होता. इतकी माणसं आपल्यासाठी रडली, आणि आपण त्यांच्यापासून एवढीशी पिशवी लपवत होतो, याची अप्पांना लाज वाटली, आणि मग हसू आलं. त्यांनी सदरा वर करून पिशवी सरळ दाखवली. गंगव्वा एवढंच म्हणाली की तिच्या थोरल्या दिराला तशीच आहे आणि तो चार वर्षं बैलगाडी हाकतोय.

अप्पांनी दोनच गोष्टी मागितल्या. पेटी, आणि ते विमान. म्हणाले, असली पाठ पलंगाला नाही. मठानेही हरकत घेतली नाही. त्या रात्रीपासून अप्पा विमानात झोपू लागले, कुणी झेंडू काढले नाहीत तरी त्यांची तक्रार नव्हती. दहा दिवसांत जखम भरली. जावयाला मात्र त्यांनी जवळ बसवून मऊ आवाजात सांगितलं, "जावईबापू, फुडच्या टायमाला असं कुणी टेकून बसलेलं दिसलं आन लोक जमले, तर गप ऱ्हाऊ नका. झोपलेत म्हणावं, आवाज करू नका म्हणावं, आन समद्यांना परत लावून द्यावं."

"एवढंच न्हवं का मामा? आता ध्यानात ऱ्हाईल."

दोन महिन्यांनी शरणप्पाची आई गेली. नव्वद वर्षांची होती, खरोखरच गेली. तिला ओसरीवर बसवून शरणप्पा फुलं आणायला गेला. परत आला तेव्हा अंगण मोकळं होतं आणि उंबऱ्यात ओठांवर बोट ठेवून इरण्णा उभा होता. गाव एकदा तोंडघशी पडलेलं. झोपलीय म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. माती द्यायला आलेले मठाचे स्वामीही चप्पल हातात घेऊन पाय न वाजवता परत गेले होते.

दिवेलागणीला इरण्णा घरी आला तो फुलून. अप्पा पेटी पुसत बसले होते.

"मामा, या टायमाला एक बी चूक न्हाई," तो म्हणाला. "समद्यांना लावून दिलं. म्हातारी काय झोपलीय वो, हालत बी न्हाई. दुपारी येऊन तुमचं इमान घेऊन गेलो तिला, गुडघ्याखाली उशी दिली, पोट मोकळं ठेवलं."

अप्पांनी कोपऱ्याकडे बघितलं. विमानाची जागा रिकामी होती. बाहेर पायरीवर कुणीतरी हुंदके देत होतं.

"आन शरणप्पा?" त्यांनी विचारलं.

"त्यो लई आवाज करत होता," इरण्णा म्हणाला. "म्हणून त्याला हिकडं घेऊन आलो झोपायला. म्हटलं काळजी करू नका, आमच्याकडं विटा हायेत, दोन-तीन."