हेमांगीच्या पोटात भाकरी आली

पोटापोटांत गावं होती आणि तिथले जंतू बोलत असत, तेव्हाची गोष्ट. वेंगुर्ल्याची हेमांगी लग्न होऊन जतला गेली आणि पहिल्याच दिवशी तिच्या पोटात बाजरीची भाकरी उतरली.

तिथले जंतू पिढ्यान्‌पिढ्या भातावर पोसलेले. थोरले आजोबा भाकरीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हात लावू नका. कुठली कोण, काय ठाऊक!"

कोणी हात लावेना. भाकरी तशीच पडून राहिली, पोट फुगलं, कळा येऊ लागल्या. आता जुलाब झाले तर सगळं गावच वाहून जाणार होतं.

तेव्हा कोपऱ्यात उरल्यासुरल्या कोंड्यावर जगणारी कोंडूबाई पुढे आली आणि मुकाट्याने भाकरी फोडू लागली.

"बघा, बघा! हिनेच बोलावली असणार," आजोबा म्हणाले.

"मी कशाला बोलावू? तुम्ही मला जन्मभर कोंडाच दिलात, म्हणून चावता येतंय."

हळूहळू पोट उतरलं. आजोबांचा संशय मात्र उतरला नाही. "मी तुझ्यावर लक्ष ठेवणार आहे."

"ठेवा की. पण इतक्या लांबून दिसायचं नाही. या, इथे बसा. हा तुकडा मऊ आहे."

आजोबा बसले. पुरती खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी दुसरा तुकडाही मागितला.