न धावणारा कुत्रा

राज्य कोणत्या राजाचं होतं ते मला विचारू नका. पण फार फार जुन्या काळी, माळामाळाने मेंढ्या चारत फिरणारा धनगरांचा एक तळ होता. धुळाप्पा त्या तळाचा म्होरक्या. माणूस मनाचा मऊ, पण चारचौघांच्या बोलण्यापुढे त्याचं स्वतःचं काही चालत नसे. म्होरक्याला हा गुण बरा नव्हे, हे आपण बसल्या जागी सांगू शकतो. त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते देवालाच ठाऊक.

एकदा उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांतला एक मिठाचा व्यापारी तापाने फणफणून त्यांच्या तळावर येऊन पडला. धुळाप्पाच्या बायकोने, ठकूबाईने, त्याला बारा दिवस पेज पाजून उभं केलं. निघताना त्याने आपला कुत्रा त्यांना दिला. कुत्र्याबद्दल तो पुष्कळ काही सांगत होता, हातवारे करत होता. पण त्याची भाषा कुणाला कळेल तर शपथ! शेवटी त्याने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, मेंढ्यांकडे बोट दाखवलं आणि डोळे पुसत तो चालू लागला.

असा कुत्रा त्या मुलखात कुणी जन्मात पाहिला नव्हता. वासराएवढा थोराड, मानेभोवती आयाळ, शेपूट पाठीवर गुंडाळलेली. तळावरचे कुत्रे म्हणजे लांब पायांचे, सडसडीत, पळायला एक नंबर. मग काय, जो तो मत द्यायला पुढे सरसावला.

"एवढे केस? पहिल्या उन्हाळ्यातच मरतंय हे," एक जण म्हणाला.

"शेपूट बघा कशी वर. गर्विष्ठ जात दिसतीय," दुसरा म्हणाला.

तळावर सगळ्यांत वडील म्हाळूतात्या. त्यांनी कुत्र्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, "डोळे अर्धे मिटलेले. म्हणजे आळशी. लिहून ठेवा माझं!" तळावर कुणालाच लिहिता येत नव्हतं, ही गोष्ट निराळी. पण शब्द मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला. कुत्र्याला नाव पडलं घोंगड्या.

त्या तळाची एक रीत होती. लांडगा दिसला की कुत्रे त्याच्यामागे सुटत आणि कुत्र्यांमागे काठ्या घेऊन सगळे गडी. परत आल्यावर जो कुत्रा सर्वांत लांब गेला असेल, त्याला पहिली भाकरी. आणि जो तीनदा लांडग्यामागे धावला नाही, त्याला पुढच्या मुक्कामाला न्यायचं नाही. अशा धावपळीत दर वेळी दोन-तीन मेंढ्या जायच्याच. "लांडग्यानं हुलकावणी दिली," असं म्हणून लोक हळहळत आणि कामाला लागत.

त्या साली तळ एका आटत्या तळ्याच्या काठी पडला होता. एके दुपारी समोरच्या टेकाडावर लांडगा उभा राहिला. झाली बोंबाबोंब! कुत्रे सुटले, गडी सुटले. घोंगड्या मात्र उठला आणि उलट दिशेला, कळपाच्या पार मागे जाऊन उभा राहिला.

"अरे, मेंढ्यांच्या आड लपलं की हे!" म्हाळूतात्या ओरडले, आणि सगळा तळ पोट धरून हसला.

पुढच्या पंधरवड्यात लांडगा आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा तेच. तिन्ही खेपांत एकही मेंढी गेली नाही. "यंदा आपली कुत्री काय जोरात हायेत!" असं म्हणून लोकांनी पळणाऱ्यांच्या पाठी थोपटल्या. घोंगड्याच्या पुढ्यात भाकरीचा तुकडाही पडला नाही. ठकूबाई आपल्यातली अर्धी गुपचूप त्याला घाली.

तळ हलायची वेळ आली. म्हाळूतात्या म्हणाले, "धुळाप्पा, तीनदा झालं. रीत ती रीत."

"अवो, त्याला तोंड नाही म्हणून तुम्ही सगळे बोलताय," ठकूबाई नवऱ्याला म्हणाली. "एवढं राखणीला दिलेलं जनावर, असं सोडायचं?"

धुळाप्पाला तिचं पटत होतं. पण दहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने वाटेतल्या नदीच्या काठी घोंगड्याला नेलं, तिथल्या नावाड्याच्या हाती दोरी दिली आणि मागे वळून न बघता नदी ओलांडली. कुत्रा नुसता पलीकडे जाणाऱ्या मेंढ्यांकडे बघत राहिला.

नव्या मुक्कामी चौथ्याच दिवशी लांडगा दिसला. पुन्हा तीच पळापळ. कुत्र्यांनी त्याला दोन माळ पार पिटाळलं. गडी हसत-खिदळत परतले आणि जागीच थिजले. कळपाच्या मागच्या अंगाला आठ मेंढ्या नरडी फाटून पडल्या होत्या. त्यांतली एक ठकूबाईने आईवेगळी म्हणून बोटाने दूध चाटवून वाढवली होती. ठकूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

म्हाळूतात्या म्हणाले, "नशीब!"

पण धुळाप्पा खाली वाकून माती बघत होता. मागच्या झुडपांतून दोन लांडगे आले होते. पायांचे ठसे स्पष्ट होते. समोर दिसला तो एक, आणि सगळा तळ त्या एकाच्या मागे! त्याच्या मनात काहीतरी लखकन चमकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटाच निघाला आणि जुन्या मुक्कामी, त्या तळ्याकाठी पोचला. घोंगड्या जिथे 'लपला' होता, तिथला चिखल वाळून कडक झाला होता. त्यात लांडग्यांचे ठसे होते, झुडपांतून थेट कळपाकडे येणारे. मग मोठ्या पंजांचे चार खोल ठसे, लांडग्यांकडे तोंड करून रोवलेले. आणि तिथून पुढे लांडग्यांचा एकही ठसा कळपाकडे गेला नव्हता. सगळे माघारी वळले होते. एकदा नव्हे, तीनदा.

धुळाप्पा तिथेच मटकन बसला. "तू भिऊन मागं गेला नव्हतास रे," तो रडत म्हणाला. "आम्हीच सगळे मेंढ्या टाकून पळालो होतो."

तिथून तो तडक नदीवर गेला. घोंगड्या नावाड्याच्या तीन शेळ्यांजवळ बसला होता. धुळाप्पाला बघताच त्याने शेपूट हलवली, पण तो उठला नाही. धुळाप्पाने हाका मारल्या, हात जोडले, भाकरी पुढे केली. कुत्रा शेळ्यांना सोडून यायला तयार नाही.

"न्या की, माझी ना नाही," नावाडी म्हणाला. "पण ते येईल तर ना!"

तोंड पाडून धुळाप्पा तळावर परतला. सगळं ऐकून ठकूबाई म्हणाली, "येईल कसं? तुम्ही काय मेंढी हाय व्हय? त्याला तुम्ही नकोच हाय. कळप न्या."

म्हाळूतात्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात धुळाप्पा म्हणाला, "तात्या, राग मानू नका. चूक माझी हाय आणि ती मीच निस्तरणार." जन्मात पहिल्यांदा त्याने कुणाच्या तोंडाकडे न बघता हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी सगळा कळप नदीच्या दिशेने चालू लागला.

कळप नदी ओलांडून आला, मेंढ्यांची बें-बें कानावर पडली आणि घोंगड्या ताडकन उठला. त्याने नावाड्याच्या तिन्ही शेळ्या नाकाने ढकलत ढकलत कळपात आणून सोडल्या, सगळ्या कळपाला एक फेरी घातली आणि मागच्या अंगाला जाऊन बसला. नावाडी हसून हसून बेजार झाला. "आता ह्या तिघींनाही न्या बाबा. परतीच्या वाटेवर आणून सोडा."

पुढे लांडगा पुन्हा दिसला. सडसडीत कुत्रे त्याच्यामागे सुटले, गडीही निघाले. पळणारेही हवेतच, त्यांचं काम कमी नव्हतं. या वेळी धुळाप्पा मात्र मागे थांबला. झुडपं हलली. दोन लांडगे बाहेर आले. घोंगड्या उभा राहिला, आणि त्याच्या शेजारी काठी रोवून धुळाप्पाही. त्याला तेव्हा कळलं, पळत जाण्यापेक्षा जागेवर उभं राहायला केवढी छाती लागते. लांडग्यांनी दोघांकडे पाहिलं आणि ते आले तसे माघारी गेले. त्या दिवशी तळावरची एकही मेंढी कमी झाली नाही.

तात्पर्य: ज्याची काम करण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही, त्याला आळशी किंवा भित्रा ठरवण्याआधी तो काय राखतो आहे ते पाहावं.