खाडीतला एका नांगीचा खेकडा

नूतन तांडेल पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बसली होती. बाहेरगावचे परीक्षक डॉ. हर्डीकर आल्या आल्याच कडाडले, "खाडीतल्या खेकड्यांवर रील बनवता म्हणे! संशोधन म्हणजे काय पोरखेळ आहे? असलं काही मी बघतसुद्धा नाही."

तिचे मार्गदर्शक खाली मान घालून बसले. पाच वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असंच तिला वाटलं.

डॉक्टरांनी तिचा जाडजूड प्रबंध पुढे सरकवला. "हा मात्र मी अक्षर न् अक्षर वाचलाय. सांगा, तो एका नांगीचा खेकडा दुसऱ्याच्या बिळात का घुसला?"

नूतन हळूच म्हणाली, "सांगते, सर. पण तो प्रबंधात कुठेच नाही. तो फक्त रीलच्या अगदी शेवटी येतो."